ज्याच्या नावावर गाडी भरते

कुणाला कशाचा गर्व असेल, सांगता येत नाही. आपल्या कंडक्टरला गर्दीचा होता. स्वतःसाठी जमलेल्या गर्दीचा नव्हे हो, त्याच्यासाठी कोण कशाला जमतंय? बास्केटबॉलवाल्यांसाठी जमलेल्या गर्दीचा. त्याची बस स्टेडियमवरून जायची आणि वर्षानुवर्षं तोच एक मार्ग त्याच्या वाट्याला आला होता. तेवढ्या भांडवलावर हा गृहस्थ स्वतःला खेळातला जाणकार समजायला लागला. जन्मात कधी चेंडूला हात लावला नाही, एक मॅच स्टेडियमच्या आत जाऊन पाहिली नाही. पण कुठला खेळाडू थोर आणि कुठला फुसका, हे तो गाडीच्या दारावरून ठरवायचा. ज्याच्या मॅचला दार लागत नाही तो थोर, ज्याच्या मॅचला बसायला जागा मिळते तो फुसका. झालं शास्त्र.

या शास्त्रानुसार डावरा हा देव होता. डावरा म्हणजे शहराच्या टीमचा जुना हुकमी खेळाडू, डाव्या हाताने लांबून चेंडू टाकायचा. त्याची मॅच असली की बसच्या पायऱ्यांवर माणसं लोंबकळायची, एकमेकांचे पाय तुडवायची, आणि कंडक्टर आतून ओरडायचा, "मागून गाडी येतेय, रिकामी आहे, तिने या." मागून कधीच काही येत नसायचं. हे त्यालाही माहीत होतं आणि लोकांनाही.

एकदा अशाच मॅचच्या दिवशी थांब्यावर त्याची बायको उभी होती. शिवणकाम करायची ती. दोन्ही हातांत कापडाचे गठ्ठे, घामाने चेहरा भिजलेला. दार उघडलं, नवऱ्याने तिला पाहिलं, आणि जसं सगळ्यांना सांगायचा तसंच तिलाही सांगितलं, "मागून गाडी येतेय, रिकामी आहे, तिने या." दार लागलं. बिचारी गठ्ठे घेऊन घरापर्यंत चालत आली. एखाद्याला लाज वाटली असती. याने ती गोष्ट सलूनमध्ये कौतुकाने सांगितली, "बायकोला घेतलं नाही, एवढी गर्दी! याला म्हणतात डावरा!"

सलून म्हणजे या जाणकाराची विधानसभा. तिथे त्याला उत्तर द्यायला सलूनवाला होता आणि सलूनवाल्याचा जीव शिडीवर. शिडी हा दूरच्या एका टीमचा नवा खेळाडू, उंचीमुळे लोकांनी त्याचं ते नाव पाडलेलं. वर्षातून एखादी मॅच इथे खेळायला यायचा आणि त्या दिवशी कंडक्टरची गाडी अर्धी रिकामी असायची.

"अरे, तुझ्या गाडीत नसतील, घराघरांत असतात," सलूनवाला वस्तरा पुसत म्हणायचा. "इथे टीव्हीवर शिडी लागला की दाढी झालेली माणसं खुर्ची सोडत नाहीत. सगळा देश बघतो त्याला."

"घरी बसून बघतो तो प्रेक्षक?" कंडक्टर हसायचा. "ज्याने कुणाचा पाय तुडवला नाही, त्याला मी गर्दीत धरत नाही."

"म्हणजे तुझ्या गाडीत चढेल तोच माणूस?"

"बरोबर."

आता अशा माणसाशी काय वाद घालायचा? पालथ्या घड्यावर पाणी. पण सलूनवालाही काही कमी नव्हता. दोघं वर्षानुवर्षं हेच घोळवत बसायचे. आणि दोघांच्या बायका घरी काम करत असायच्या, हे वेगळं सांगायला नको.

कंडक्टरची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवायची. जेवणाची वेळ झाली की मशीन उचलायची, जेवणं झाली की पुन्हा मांडायची. भातात दोरा सापडला की नवरा तो चिमटीत धरून सगळ्यांना दाखवायचा. आजूबाजूच्या इमारतींतले पडदे तिने शिवलेले, पोरांचे फ्रॉक तिने शिवलेले, आणि नवऱ्याच्या खाकी युनिफॉर्मचा तो दुहेरी कापडाचा खिसा, सुट्ट्या पैशांच्या वजनानेही न फाटणारा, तोही तिनेच शिवलेला. त्या खिशाचं कौतुक बस डेपोत सगळे करायचे. तो म्हणायचा, "हो, घरीच करून घेतो."

शेवटी तिने आपल्या हिमतीवर तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. आधी तिथे सायकली दुरुस्त व्हायच्या. तिने आणि सासूने मिळून फरशीवरचं तेल खरवडून काढलं. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, पण त्या स्टुलावर बसून भिंत पुसत होत्या. "माझा मुलगा येणार आहे का मदतीला?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "असू दे. मीच वाढवलाय, मलाच माहीत आहे."

खोलीचं उद्घाटन म्हणजे काही फार मोठं नव्हतं. सरबत, बिस्किटं, मागून आणलेल्या खुर्च्या. पण त्यात तिचा जीव अडकला होता, कारण त्या संध्याकाळी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार होत्या. शाळेचे गणवेश कुणाकडे द्यायचे ते ठरायचं होतं, हिच्याकडे की चौकातल्या मोठ्या टेलरकडे. ते काम मिळालं असतं तर वर्षभराची ददात मिटली असती आणि मशीन पुन्हा कधी जेवणाच्या टेबलावर आलं नसतं. तिने नमुन्याचा एक गणवेश शिवून भिंतीवर टांगला. कॉलर अशी बसवली होती की आतून बघावं की बाहेरून, कळू नये.

दिवस मात्र नवऱ्याने ठरवला. शनिवारची संध्याकाळ.

"त्या दिवशी फायनल आहे ना?" तिने विचारलं. एवढं तिलाही कानावर पडून कळत होतं.

"फायनल परगावी आहे. आणि शिडीची आहे." नवऱ्याने हात झटकला. "इथून कोण जाणार तिकडे? माझी गाडी त्या दिवशी रिकामी धावेल बघ. माणसं मोकळीच असणार. मी इतकी वर्षं गर्दी बघतोय, मला शिकवतेस?"

तिला पटलं नव्हतं. पण गर्दीतलं आपल्याला काय कळतं, असं तिला वाटलं आणि तिने मान डोलावली. मुख्याध्यापिकांना शनिवार कळवला. त्यांनी येते म्हणून निरोप दिला.

शनिवारी संध्याकाळी खुर्च्या मांडून झाल्या. दाराला लाल फीत बांधली, ती नवरा कापणार होता. तसं त्यानेच जाहीर केलं होतं. सासूबाई नव्या साडीत पहिल्या रांगेत बसल्या. वेळ झाली. कुणी आलं नाही.

"येतील," नवरा म्हणाला. थोड्या वेळाने तो दारात गेला, रस्ता पाहून आला. "रस्ता मोकळा आहे. म्हणजे माणसं घरीच आहेत. येतील." मग त्याने घागरीत डोकावून पाहिलं. "सरबतात बर्फ कमी आहे. घेऊन येतो."

"बर्फ पुरेसा आहे," ती म्हणाली.

पण तो गेला.

एवढ्यात समोरच्या इमारतीतून एकदम आरोळी उठली. मग शेजारच्या. मग मागच्या. सगळ्या खिडक्यांतून एकाच वेळी. तिने बाहेर येऊन वर पाहिलं. प्रत्येक खिडकीत टीव्हीचा निळा उजेड होता आणि त्यावर तिनेच शिवलेले पडदे हलत होते. सगळी माणसं होती, आपापल्या घरी, शिडीसमोर. जिला तिने परवाच हात धरून बोलावलं होतं त्या शेजारणीचा आवाज तर तिने वेगळा ओळखला.

"सूनबाई, एक सांगू?" सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "रागावू नकोस. त्याने सलूनमध्ये पैज मारलीय. काल सलूनवाल्याची बायको मला जिन्यात सांगत होती."

"कसली पैज?"

"शिडीसाठी माझ्या घरचं कार्य सोडून कुणी बसतंय का बघू, म्हणाला. हरेल त्याने सगळ्यांसमोर 'मानलं' म्हणायचं." सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण म्हटलं, एवढा मूर्ख तो नसेल."

तिला राग आला, पण रागाच्या आधी लाज आली. आपण फरशी खरवडली, खुर्च्या मागून आणल्या, दारोदार जाऊन बोलावणी केली, ती या माणसाच्या वादात पुरावा द्यायला? तिचं दुकान नव्हतंच ते. ती त्याची आणखी एक गाडी होती, भरते की नाही ते बघायला सोडलेली.

आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका आल्या. पर्स काखेत, चष्मा नाकावर. रिकाम्या खुर्च्यांकडे त्यांनी पाहिलं, न कापलेल्या फितीकडे पाहिलं, आणि फितीखालून वाकून आत आल्या. तिने धावत जाऊन कात्रीने फीत कापली, पण तोवर बाई आत होत्या.

"कुणी आलं नाही वाटतं?"

"आज मॅच आहे ना, बाई. म्हणून."

"हो का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. वरून पुन्हा आरोळी आली. "चौकातल्या टेलरकडे मात्र आज दुपारीही उभं राहायला जागा नव्हती."

तिने गणवेश काढून त्यांच्या हातात दिला. कॉलर उलटून दाखवली. बाईंनी गणवेश धरला, चष्म्यातून बघितल्यासारखं केलं आणि परत दिला. "शिवण चांगली आहे हो. पण मला पालकांना उत्तर द्यायचं असतं. जिथे कुणीच येत नाही, तिथे शाळेने काम कसं द्यावं? लोक विचारतील." सरबताचा अर्धा पेला पिऊन त्या गेल्या.

शिकलेली बाई, शाळा चालवणारी, पण अक्कल बघा. दाराला किती लोंबकळले आहेत ते मोजायचं आणि आत कोण बसलंय ते बघायचंच नाही. कंडक्टरच्या अंगावर निदान खाकी कपडे तरी होते, गर्दी मोजायचा पगार तरी मिळायचा.

मॅच संपली तसे रस्ते भरले. लोक फटाके फुटावेत तसे ओरडत खाली आले. त्यांच्यातूनच कंडक्टर आला, घामाघूम, डोळे चमकत होते. हातात बर्फ नव्हता.

"काय खेळला तो!" दारातच म्हणाला. "शेवटच्या क्षणी, अगं, दोघांच्या डोक्यावरून टाकला त्याने. सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी खिडकीच्या गजाला धरून उभा होतो. माझा पाय तिघांनी तुडवला." आणि मग, जन्मात कधी केलं नव्हतं ते करून आल्याच्या अभिमानाने, "मी सगळ्यांसमोर म्हटलं. मानलं म्हटलं. खोटं कशाला बोला? माणूस प्रामाणिक असावा."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. "बर्फ कुठे आहे रे?"

त्याने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "अरे हो," तो म्हणाला. मग खुर्च्यांकडे पाहून, "कोण कोण आलं होतं?"

ती खुर्च्या एकात एक घालत राहिली. गणवेशाचं काम चौकात गेलं, हे त्याला दुसऱ्या दिवशी आईकडून कळलं. "अरेरे," म्हणाला, आणि मग म्हणाला की त्या टेलरकडे गर्दी असतेच म्हणा.

पण दुसरा दिवस रविवारचा होता आणि शेजारणींच्या मनात काहीतरी डाचत होतं. एकेक करत सगळ्या खाली आल्या. एक पडदा आखूड करायला, दुसरी पोराच्या पँटची शिलाई सोडवायला, तिसरीला खरं तर काहीच शिवायचं नव्हतं, तिने चांगल्या उशीचा अभ्राच उसवून आणला होता. सलूनवाल्याची बायकोही आली, मान खाली घालून. बोलता बोलता गोष्ट मॅचवर गेली, शिडीवर गेली, आणि कालच्याच खुर्च्या पुन्हा मांडाव्या लागल्या. गणवेशांची भरपाई अशा अभ्र्यांनी होत नाही. तिला ते कळत होतं. तरी मशीन सुरू होतं आणि ते तिच्या खोलीत होतं.

दुपारी कंडक्टर ड्यूटीवर निघाला. काल ड्यूटीच्याच कपड्यांत गजाला धरून उभं राहताना त्याच्या खाकी शर्टाचा तो प्रसिद्ध खिसा एका कोपऱ्यात फाटला होता. तो थेट खोलीच्या दारात आला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दारात दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्या डोक्यांवरून त्याने हात वर केला.

"अगं, एवढ्या खिशाला टीप मारून दे. गाडी सुटेल माझी."

बायकोने मशीनवरून मान वर केली. त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. गाडीच्या दारात लोंबकळणाऱ्यांकडे तो बघायचा ना, तसंच.

"मागून गाडी येतेय, रिकामी आहे," ती म्हणाली. "तिने या."

आणि तिने पुन्हा पायडलवर पाय ठेवला. सासूबाई दाराजवळ बसल्या होत्या. त्यांनी हात लांब करून दार लोटून घेतलं.