माघारी न येणारे अणू

शाळेनं दीपमालाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते सहलीच्या दिवशी. खुलताबादच्या चढावर मुलं बसमध्ये परत चढत होती आणि पाचवीतली ही चापून तेल लावलेली पोरगी दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावत होती. गुरुजींची हजेरी संपायच्या आत ती म्हणाली, "एक कमी हाय." खरंच कमी होता. खेळण्यांच्या दुकानासमोर रेंगाळलेल्या एकाला धरून आणावं लागलं.

तिच्या घरी हे रोजचंच होतं. वडील, सांडू, फुलंब्रीच्या आसपास मेंढरं राखायचे. दिवस मावळताना खतासाठी ज्याच्या शेतात कळप बसवायचा तिथं जाळी उभी करून मेंढरं मोजून आत घ्यायची आणि सकाळी मोजूनच बाहेर सोडायची. एखादं कमी भरलं की दीपमाला रडायची. सांडू म्हणायचे, "उगी. दुसऱ्याच्या कळपात गेलं आसंल. पाठीवर रंग हाय आपला, येतंय माघारी." आणि बाजार होऊन गेला की मोजणी पुरी भरायचीच.

पुढं ती शिकत गेली आणि दमत गेली. सकाळी शहरातल्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचं, दुपारी संशोधन केंद्रात बसायचं, संध्याकाळी उभ्यानं फुलंब्रीची बस. लग्नाचं वय निघून गेलं, त्याबद्दल बोलणारेही थकले. पीएचडीचा विषय होता चंद्रावरची विरळ हवा.

"चंद्राव हवाच नाय म्हनत्यात ना?" सांडू विचारायचे.

"नाय म्हणण्याइतकीच हाय, आबा."

"मंग तेवढ्यासाठी एवढा जीव काढतीस व्हय?"

ही हवा इतकी विरळ, की एका अणूची दुसऱ्याशी गाठच पडत नाही. चंद्राच्या खडकातल्या पोटॅशियमचा थोडासा भाग फार सावकाश मोडत जातो, त्यातून आर्गॉन वायू होतो आणि भेगांतून वर झिरपतो. त्याचा प्रत्येक अणू एकटाच उडतो, दूर कुठं तरी पडतो, पुन्हा उडतो. रात्रीच्या थंडीत जमिनीला चिकटून बसतो आणि ऊन आलं की उठतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाच दीपमालाला ओळखीचं वाटलं होतं. तिनं संगणकात अणूंचा कळपच बसवला. संध्याकाळी मोजायचे, सकाळी मोजायचे, आणि त्यावरून खडकातून किती नवा वायू येत असेल ते काढायचं. तिचा सगळा प्रबंध या एका उत्तरावर उभा होता.

शेवटच्या सादरीकरणाला आठवडा राहिला होता. मुदतवाढ मिळून संपली होती, आणखी मिळणार नव्हती. चंद्राभोवती फिरलेल्या एका यानावरच्या उपकरणानं मोजलेला आर्गॉन कमी-जास्त होत होता. दीपमालाच्या संगणकातला आकडा मात्र वर्षभर जागचा हलत नव्हता. एरवी अशी चोख मोजणी पाहून तिला बरं वाटायचं. त्या दुपारी पहिल्यांदा भीती वाटली.

तिनं प्रोग्रॅम उघडून ओळीन् ओळ पाहिली. उन्हानं काही अणूंचा एखादा इलेक्ट्रॉन सुटतो आणि मग सूर्याकडून वाहणारा कणांचा झोत त्यांना ओढून नेतो. काही परत मातीत आदळतात, बाकीचे कायमचे जातात. तिनं मात्र पहिल्याच वर्षी सगळ्यांना मातीत परत आणून बसवलं होतं. हे बरोबर आहे का, असं स्वतःला विचारून पाहावं हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिचे मार्गदर्शक राजकुमार सर निवृत्तीला आले होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे दुरुस्त केलं तर निष्कर्षच बदलतो."

"हो सर. गेलेले भरून निघायला खडकातून पुष्कळ जास्त वायू यावा लागतो."

"आठवड्यात होणार नाही ते. आणि नोंदणी गेली तर पक्की नोकरीही गेली असं समजा. आहे तसं सादर करा, दुरुस्ती नंतरच्या पेपरात करा. लोक करतात."

"उद्या सांगते, सर."

घरी सांडू ओट्यावर पाय पसरून बसले होते. गुडघे गेल्यापासून मेंढरं विकून टाकली होती. ती चप्पल न काढताच शेजारी टेकली.

"आबा, हरवलेलं मेंढरू दर वेळी माघारी कसं काय यायचं हो?"

"कुठलं येतंय! एखांदं यायचं. बाकीची लांडग्यानं न्हेली, न्हाय तर ट्रकखाली गेली."

"पण मोजणी तर पुरी भरायची."

"बाजारातून दुसरं आनायचो. रंग लावला की तुला काय कळतंय? तुझं रडगानं कोन ऐकनार?"

"हे आता सांगताय?"

"तू आता इचारलंस."

तिला हसू आलं. मग तिनं वाकून चप्पल काढली. सांडूंनी तिच्याकडं पाहिलं. "जेवतीस ना?"

"जेवते."

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना सांगितलं, की ती सादरीकरण करणार नाही.

"नीट विचार केलात?"

"केला, सर. गेलेले गेले, असंच लिहावं लागेल मला."

सरांनी वाद घातला नाही. महिन्याअखेर नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आलं.

सध्या दीपमाला फुलंब्रीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, अजून तासिकेवरच. पीएचडीची नोंदणी तिनं नव्यानं केली आहे आणि रविवारी ती पहिलं प्रकरण लिहायला बसते.