कोंडाबाई नव्हे, चंद्रकला

बातमी आली तीच चीड यावी अशी. ‘कोंडाबाईचं निधन’ असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं, खाली रडक्या तोंडांची रांग. कोंडाबाई म्हणजे मालिकेतली मोलकरीण. गेली होती माझी बालमैत्रीण चंद्रकला, पण तिचं नाव लिहावं असं कुणालाच वाटलं नाही...

चंद्री आणि मी राहुरीच्या एकाच गल्लीतल्या. जयंतीला विहारापुढच्या मोकळ्या जागेत नाटक असायचं, तिथं ती पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभी राहिली. पुढं नगरच्या नाट्यस्पर्धेत तिनं वकिलाची भूमिका केली. काळा डगला घालून ती आरोपीकडं नुसती वळली तरी मागच्या बाकावरचे लोक शेंगा खायचे थांबत. रंगमंचावर ती राणी झाली, डॉक्टर झाली. मुंबईला गेली आणि कॅमेऱ्यापुढं तिच्या हातात झाडू आला, तो शेवटपर्यंत सुटला नाही. मुळात सावळी, पण तेवढंही पुरायचं नाही. मेकअपवाला वरून आणखी काळा रंग थापायचा. ‘मालकीन झालेली बाई माज्याइतकीच सावळी हाय गं. तिला पांढरं करत्यात नि मला काळं,’ असं सांगून ती हसायची. मला शिसारी यायची. त्या लोकांची, आणि चहा पीत ते रोज बघणाऱ्या माझीसुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात शेवटची भेटली, तेव्हा पार वाळली होती. म्हणाली, ‘शकू, माज्या मागं झाडूचा फोटू लावू देऊ नको. कोर्टातला लाव. एवढं कर.’ मी हो म्हणाले. तो फोटो माझ्याच कपाटात होता.

शोकसभेला तो पिशवीत घालून गेले. मंचावर भलामोठा फ्लेक्स! कमरेत वाकलेली चंद्री, हातात झाडू, आणि भोवती तिच्याहून मोठे पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. एक वक्ता म्हणाला, ‘ताईंची मोलकरीण इतकी खरी, की घरी कामाला बोलवावंसं वाटे!’ लोक हसले, टाळ्याही पडल्या. किळस आली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी उठले, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि मुकाट्यानं त्याच फ्लेक्सपुढं फुलं वाहिली. सगळे बघत होते ना... फोटो पिशवीतच राहिला.

आमच्याकडं कार्यक्रम उरकला की फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर नाहीतर कांद्यावर जातो. पंधरा दिवसांनी मुळा डॅमच्या रस्त्याला कांद्याच्या ढिगावर मला ती दिसली. उलटी, तोंडाशेजारी दगड. शेतकऱ्याला म्हटलं, ‘दादा, हा मला द्या.’

‘न्या की बाई. पर कांदा भिजल त्याचं काय? आन् कोन हाय ही?’

‘वकील होती,’ मी म्हणाले, आणि घरची ताडपत्री आणून दिली.

फ्लेक्स अंगणात पसरला. आधी पुढारी कापून काढले, मग झाडू. राहिला तिचा चेहरा. तो फेकवेना, जाळवेना. कोर्टातला फोटो भिंतीवर लावला आणि हा त्याच्याखाली घेऊन बसले. ओल्या फडक्यानं पुसला, साबण लावून घासला. कांद्याची माती निघाली. मेकअपवाल्यानं थापलेला काळा रंग छापलेला आहे, तो निघत नाही. तरी मी रोज पुसते.