बॉनेटला झरोके

मे महिन्यात परभणी जिल्ह्यात हौसेनं कोणी जात नाही. मी निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "जगात जर्मनी, भारतात परभणी. जा, भाजून ये." पाथरीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या संगीताचा, म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा, फोन आला होता. "बाबांची जीप उकळते. तू सह्याद्रीत जीप घेऊन दगडधोंड्यांतून फिरत असतेस, तर इकडे येऊन एकदा बघ." असं बोलावणं आलं की मला राहवत नाही. कपडे कमी आणि पाने-पक्कड जास्त अशी बॅग भरून मी पुण्याहून गाडीत बसले.

परभणीला उतरून पाथरीची एसटी धरली. बाहेर एवढं ऊन, आणि बसच्या सगळ्या काचा बंद. मी माझी खिडकी उघडली, तशी मागून एका बाईंची हाक आली, "ओ ताई, लावा की काच. झळई यायलीय सगळी." इथे बाहेरचा वारा घ्यायचा नसतो, बाहेर ठेवायचा असतो. काच लावून मी मुकाट्याने घाम पुसत बसले.

संगीताचे वडील दादाराव काका रेल्वेतून निवृत्त झालेले. नोकरीभर पूर्णेला राहून त्यांनी डिझेल इंजिनं चालवली. "जयभीम, या," म्हणून त्यांनी माझी बॅग घेतली आणि घरात नेण्याआधी जीप दाखवली. चारही चाकांना ताकद मिळणारी, सपाट बॉनेटची, लिलावात घेतलेली जुनी गाडी. रंग उडालेला, पण काच लख्ख पुसलेली.

"गरम-बिरम काई होत न्हाई," काका म्हणाले. "ऊन हाय म्हनून जरा."

आतून माईंचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "ऊन समद्यांलाच हाय. उकळती फकस्त तुमचीच."

खरी अडचण मला जेवताना कळली. माईंची थोरली बहीण, आक्का, देवगाव फाट्याच्या आत एका खेड्यात एकटीच राहते. मुलगा दूर कामाला. पंधरवड्यापूर्वी ती उन्हात चक्कर येऊन पडली होती आणि शेजारणीला संध्याकाळी सापडली. पाऊस लागला की काळ्या मातीतली ती वाट बंद होते. त्याआधी तिला पाथरीला आणायचं होतं. मधे ओढा, दगड, खोल चाकोऱ्या. साधी गाडी पोटावर बसते आणि मोटरसायकलवर आक्काला बसवत नाही. उरली जीप. पण म्हातारं माणूस घेऊन ती भर माळावर उकळली तर काय, या धास्तीने संगीता वडिलांना जाऊ देत नव्हती.

जेवणानंतर मी बॉनेट उघडून बसले. रेडिएटर साफ होता, पंखा, पट्टा, पाण्याचा पंप सगळं ठीक. जीप रांगत चढ चढायला लागली की इंजिनाची उष्णता बॉनेटखाली कोंडते, एवढाच दोष. आत येऊन मी म्हटलं, बॉनेटला दोन झरोके कापू. काका उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. शेवटी निकाल माईंनी दिला. "कापा. मला माझी बहीन आनायचीय."

मे महिन्यात पाथरीतला सगळा पत्रा कूलरला लागतो. रशीदभाईंच्या दुकानासमोर कूलरचे रिकामे डबे रस्त्यापर्यंत मांडलेले होते. तिरप्या पट्ट्यांच्या जाळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आणि गवताचा ओला वास. मी काय हवं ते सांगितलं, तर त्यांना फारच गंमत वाटली.

"जीपला कूलर! फिकीर करू नका ताई, जिम्मा माझा."

त्यांनी दोन लहान जाळ्या निवडल्या, ग्राइंडरने बॉनेट कापलं आणि जाळ्या बसवल्या. काका तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, वेल्डिंग करा. रशीदभाईंनी कान धरले. कूलरचं गवत बदलायला जाळी काढावी लागते, म्हणून जाळी नट-बोल्टवरच लावायची, हा त्यांचा धंद्याचा रिवाज. पट्ट्यांची तोंडं त्यांनी पुढे, वाऱ्याकडे ठेवली. "हवा आत गेली पायजे ना! कूलर तरी दुसरं काय करतंय?" मला ते पटलं. काकांना पटलं. पानवाला येऊन बघून गेला, त्यालाही पटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. काका चालवायला, शेजारी मी, मागे माई. संगीता आक्कासाठी जागा हवी म्हणून घरीच थांबली. डब्यात धपाटे (ज्वारीच्या पिठात तिखट-मसाला घालून थापलेली भाकरी), सोबत दही आणि पाण्याचे कॅन. सेलूला चहा घेतला. देवगाव फाट्यापर्यंत डांबरी रस्त्यावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा मध्यावर होता आणि काका शीळ घालत होते. फाट्याच्या पुढे आत वळल्यावर नांगरून ठेवलेली काळी रानं लागली. ढेकळं एवढी मोठी, की जीप नावेसारखी डुलत होती. माझं डोकं दोनदा वरच्या दांड्याला आपटलं.

ओढा सहज पार झाला. पलीकडचा चढ मात्र लांब होता. काटा वर सरकायला लागला. माथ्यावर पोचेपर्यंत बॉनेटच्या पट्ट्यांमधून वाफ यायला लागली आणि काकांनी गाडी बंद केली.

"वारा उलटा हाय," काका म्हणाले.

माई गाडीतून उतरल्या. खाली गाव दिसत होतं, आणि त्यांनी मला बोट करून दाखवलं, "ते लिंबाखालचं, पत्र्याचं. आक्काचं." मग हळूच म्हणाल्या, "व्हतं तेवढं बॉनेट बी गेलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापायला मीच सांगितलं होतं.

जवळच बाभळीखाली मेंढ्या बसल्या होत्या. त्यांची मालकीण टकळीवर लोकर कातत कातत आमच्याकडे आली. बॉनेट निरखून तिने विचारलं, "ह्यो कूलर हाय का जीप?"

तिच्या हातातला धागा बघून मला सुचलं. थोडा धागा मागून घेतला, त्याचे बोटभर तुकडे पट्ट्यांना बांधले. इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि काकांनी जीप माथ्यावरच पुढे-मागे फिरवली. मी बाजूने पळत बघत होते. धागे वर उडायला हवे होते. ते सगळेच्या सगळे आत ओढले जात होते. रेडिएटरमागची गरम हवा बाहेर पडायला बघत होती, आणि आम्ही समोरून वारा कोंबून तिची वाट अडवली होती. कूलरला जे हवं, त्याच्या नेमकं उलट जीपला हवं होतं.

नशीब, रशीदभाईंनी माझं वेल्डिंगचं ऐकलं नव्हतं. काका आणि मी बोल्ट सोडले, मेंढ्यांच्या मालकिणीने ते पदरात धरले, आणि जाळ्या फिरवून पट्ट्यांची तोंडं मागे, काचेकडे केली. पुन्हा जीप फिरवली, तर धागे ताठ उभे राहून फडफडायला लागले. गरम हवेचा भपकारा माझ्या तोंडावर आला. इतका आनंद मला उन्हाळ्यात गार वाऱ्यानेही कधी झाला नव्हता.

"आता दम घ्यायलीय बगा," ती बाई म्हणाली. माईंनी तिला दोन धपाटे दिले.

आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, कपाळावर पडल्याची खूण. "म्या कुटं जात न्हाई," हे त्यांचं पहिलं वाक्य. माईंनी वाद घातला नाही. जेवण झालं, दुपारभर दोघी बहिणी आत हलक्या आवाजात बोलत होत्या. काका लिंबाखाली पडून होते, पण झोपले नव्हते. उन्हं कलल्यावर आक्का गाठोडं घेऊन बाहेर आल्या. दाराजवळच्या रांजणातलं पाणी त्यांनी लिंबाला घातलं, रांजण पालथा केला, कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीला दिली. कोणी रडलं नाही.

परतीला त्याच माथ्याचा चढ, पण गावाकडच्या बाजूने. गाडीत आता एक माणूस जास्त. मी काट्यावरून नजर काढत नव्हते. काटा मध्यावरच होता आणि लोकरीचे धागे नाचत होते. आम्ही माथ्यावर आलो. काका गाडीचं कौतुक करणार, एवढ्यात मागून आक्का बोलल्या.

"पाव्हणं, येताना हितंच बंद पडली म्हनं गाडी?"

"व्हय."

"आता न्हाई का पडत?"

काकांनी गाडी हळू केली. जरा पुढे सपाटीवर, जिथून लिंब आणि पत्रा नीट दिसत होता, तिथे त्यांनी जीप उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"गरम झालीया, आक्का. थोडं थांबावं लागतंय."

माईंनी पुढे वाकून काटा पाहिला आणि परत मागे टेकून बसल्या. आक्का पूर्ण वळून गावाकडे बघत राहिल्या. ऊन पत्र्यावरून उतरलं, शेजारणीच्या चुलीचा धूर वर आला, तरी कोणी निघू म्हटलं नाही. शेवटी आक्काच म्हणाल्या, "चला. झाली आसंल गार."

पुण्याला परत आल्यावर नवऱ्याने विचारलं, झाली का जीप दुरुस्त? मी हो म्हटलं. आक्का पाथरीत आहेत. माईंशी भांडतात आणि माईंच्याच हातचं जेवतात, असं संगीता फोनवर सांगते. मी त्या जिल्ह्यात गेले होते ती न थांबता जाणारी गाडी करून द्यायला, आणि तशी ती झालीही. काकांनी मात्र माझ्यादेखत एकदाच कबूल केलं की त्यांची जीप गरम होते, आणि तेही खोटं.