पत्र्याला अस्तर

नांदेडच्या बसस्थानकावर कंडक्टरने माझ्या मांडीवरच्या गठ्ठ्याकडे बघून विचारलं, "निवडणूक लागली का ताई?"

गठ्ठा पत्रकांचा होता. मथळा माझाच: "पत्रा म्हणजे भट्टी. पत्रा हटवा!" शेजारी बसलेल्या रत्नमालाला तो उद्गारचिन्हासकट नापसंत होता, पण छापून झालं होतं.

रत्नमाला माझी मैत्रीण, हवामानाची अभ्यासक. मराठवाडा पुढे कसा तापत जाईल, याचे संगणकाने काढलेले आकडे तिच्याकडे आहेत. पण ते आकडे परिसराची हवा सांगतात, खोलीची नाही. म्हणून गेला उन्हाळाभर तिने माझ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तापमापक टांगला आणि दोन्हींचा मेळ घातला. त्या खोलीत मी तीन उन्हाळे अभ्यास केला आहे. मथळ्यातला राग माझ्या घामाचा होता.

आम्ही चाकूरला निघालो होतो. तिथल्या नगरपंचायतीला मुलींसाठी अभ्यासिका बांधायची आहे. लातूरला राहून क्लास लावणं ज्यांना जमत नाही, त्या मुली गावातच प्रवेशपरीक्षेची तयारी करतात. घरात शांतता नाही, बाहेर जागा नाही. छप्पर कशाचं घालायचं, हे दुपारच्या बैठकीत ठरणार होतं. पत्रकं तिथेच वाटायची होती. चुकीचं ठरलं, तर ऐन परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका रिकामी.

लोहा मागे पडलं तसा रस्ता माळांवरून वळू लागला. पळस लालभडक फुलला होता. शेताच्या बांधांवर तुराट्यांचे (तूर काढल्यावर उरलेल्या वाळक्या काड्यांचे) ढीग उभे होते. अहमदपूरला गरम भजी घेतली. रत्नमालाने ती तीस वर्षांनंतरची उष्णता दाखवणाऱ्या आपल्या नकाशाच्या गुंडाळीवर ठेवली आणि तेलाचा डाग नेमका चाकूरवर पडला.

नगरपंचायतीचे अभियंते मोईज साहेब फाटकापाशीच उभे होते. त्यांनी नकाशा उजेडात धरला. डागातून पलीकडचं दिसत होतं.

"मॅडम, नकाशा लई देखणा हाय. पण तीस वर्षांनंतरचं चाकूर बघून राहिलो मी, अन् मला पुढच्या महिन्यात खिळा ठोकायचाय. खिळा कुठं ठोकू, ते सांगा."

रत्नमालाने दुसरा कागद काढला. उघड्या पत्र्याखाली कोणत्या महिन्यात, किती ते किती वाजेपर्यंत बसता येणार नाही, एवढंच त्यावर मांडलं होतं.

"हाव! हे कामाचं."

तेवढ्यात नगरसेविका महानंदाक्का आल्या. त्यांनी माझं पत्रक उभ्याउभ्याच वाचलं.

"हे कुनी लिवलं?"

"मी."

"पत्रा हटवून काय घालतीस? माळवद?" (लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेलं छत.)

"माळवद गार राहतं," मी ठासून म्हणाले.

"राहतं की. भूकंपात माझी आई गार माळवदाखालीच गेली. तिकडं औशाच्या बाजूला माहेर माझं. मी त्या रातीला शेतातल्या पत्र्याच्या कोठ्यात निजले होते, म्हणून आज तुझ्याशी बोलून राहिले. अभ्यासिकेत माझी लेक बसणार हाय. तिच्या डोक्यावर जड काही घालणार असाल, तर माझा हात वर होणार न्हाई. सिमेंटच्या स्लॅबलाबी न्हाई."

पत्रकांचा गठ्ठा अचानक फार जड वाटू लागला.

मोईज साहेब माझं पत्रक बोटांत धरून चोळत होते, कापड पारखावं तसं. "आमच्या घरात तीन पिढ्या शिलाई," ते म्हणाले. "जाड कापड अंगाला टोचलं तर आम्ही फेकत न्हाई ताई. आतून अस्तर लावतो."

"अस्तर कशाचं?" अक्का.

"तुराट्यांचं!" मी म्हणाले. दिवसभरातला माझा एवढाच कामाचा शब्द.

रत्नमालाने माझ्याकडे न बघता वही उघडली. गेल्या उन्हाळ्यात निम्मे दिवस तिने माझ्या खोलीत पत्र्याखाली गोणपाटाचं छतही बांधलं होतं. ते आकडे तिच्या वहीत होते. माझ्या पत्रकात नव्हते. मीच नको म्हटलं होतं, जोर कमी होतो म्हणून.

आता त्याच आकड्यांवर कागद नव्याने मांडला गेला. पत्र्याच्या खाली वीतभर फट सोडून तुराट्या बांधून केलेल्या ताट्या, गरम हवा निघून जायला वर झरोके, पत्र्यावर पांढरा चुना. विजेच्या तारा ताट्यांपासून लांब, हे मोईज साहेबांनी लाल शाईने लिहिलं.

"तरीही मे महिन्यात दुपारचे दोन तास अवघडच जातील," रत्नमालाने प्रामाणिकपणे सांगितलं.

"त्या टायमाला पोरी झोपतील," अक्का म्हणाल्या. "तशाबी झोपतातच."

बैठकीत पहिला हात अक्कांचा वर झाला. मग त्यांनी आम्हाला घरी नेऊन ज्वारीची भाकरी आणि येसराची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांची) आमटी वाढली. ठसका लागला, पण ताट मी चाटूनपुसून संपवलं.

निघताना मी पेनने पत्रकांवरचा 'हटवा' खोडायला बसले. अक्कांनी हात पुढे केला.

"मला एक दे. खाडाखोड केलेलं नगं, छापलंय तसंच दे. लेकीला दाखवते, शिकलेल्या बायाबी पेपरात चुकतात."

नांदेडला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना गाठला. लहानपणापासून मी जी पत्रकं वाचत, वाटत वाढले, ती सगळी 'हटवा', 'पाडा', 'फेका' अशीच संपत. त्यांतल्या मागण्या खोट्या नव्हत्या. हटवण्यासारखं अजून पुष्कळ आहे. पण हटवल्यावर त्या जागी कोण बसणार आहे आणि तिच्या डोक्यावर काय असेल, हे मी चाकूरला जाईपर्यंत कुणाला विचारलं नव्हतं.

"मजकूर सगळा बदलायचा?" छापखानेवाल्याने विचारलं.

"आकडे वाढवायचेत. आणि मथळा: पत्र्याला अस्तर लावा."

"पुढं पूर्णविराम?"

"छे! उद्गारचिन्ह तसंच राहू द्या."