मनोऱ्यातलं घड्याळ आणि चार वाकलेल्या पिना

माझी आत्या घड्याळं दुरुस्त करते. एकतीस वर्षं झाली, तेच दुकान, तेच स्टूल आणि डोळ्याला तेच भिंग. बाजारात तिला 'भिंगवाल्या बाई' म्हणतात. घरातला कॉम्प्युटर तिने एकेक भाग आणून स्वतः जोडलाय. "हे म्हणजे मोठ्या स्क्रूंचं घड्याळ," असं तिचं ठाम मत. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. मी घालून पाहिलाय.

त्या दिवशी दुपारी एक वाजता तिचा फोन आला. "हातातलं टाक आणि ये." शाळेला सुट्टी होती, मी नुकती जेवायला बसले होते. ताट झाकलं आणि निघाले.

तिच्या घरी पोचले तर टेबलावर कॉम्प्युटर उघडा पडलेला आणि आत्या त्याच्यावर वाकलेली. पंखे भिरभिरत होते, पडदा काळाकुट्ट, आणि आतल्या मोठ्या पाटीवर, मदरबोर्डवर, एक लाल दिवा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

"नवा प्रोसेसर घातला," आत्या म्हणाली. "तेव्हापासून असं."

"आजच घालायचा होता?"

"आजच साहेब येणार ना!"

साहेब म्हणजे नगरपालिकेचे इंजिनिअर. चौकातल्या मनोऱ्यातलं घड्याळ गेल्या वर्षी बंद पडलं. सव्वीस वर्षं दर आठवड्याला ऐंशी पायऱ्या चढून त्याला किल्ली देणारी बाई म्हणजे आमची आत्या. पालिकेने ठरवलं, जुनी यंत्रं भंगारात काढायची आणि विजेवरचं बसवायचं. क्रेन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आत्याचं म्हणणं, एकच चाक झिजलंय, ते नवं करा, बाकी सगळं ठणठणीत आहे. ते पटवायला तिने आठ महिने खपून घड्याळाचा एकूण एक भाग कॉम्प्युटरवर उभा केला होता. साहेब म्हणाले होते, "बाई, चित्रात सगळीच घड्याळं चालतात. मला फिरताना दाखवा." पण जुन्या प्रोसेसरवर लंबक एकदा हलायला पाच मिनिटं लागत. म्हणून हा नवा. आणि साहेब चार वाजता दारात.

"काय काय केलंस?" मी विचारलं.

"सेल बदलला."

मला हसू आलं. बोर्डावर बटणासारखा एक सेल असतो खरा, पण बंद पडलेल्या कशालाही आधी सेल बदलायचा, ही घड्याळवाल्यांची खोड. त्यानंतर तिने मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या होत्या, वायरी तपासल्या होत्या, प्रोसेसर उचलून पुन्हा बसवला होता. लाल दिवा ढिम्म.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण वाचता येतं. या बोर्डावर कोणकोणते प्रोसेसर चालतात, ती कंपनीची यादी मी मोबाइलवर उघडली आणि चष्मा पुसून वाचू लागले. सापडलं! "आत्या, तुझा बोर्ड या प्रोसेसरला ओळखतच नाही! बोर्डाच्या आतला प्रोग्राम जुना आहे. तो आधी नवा करायला हवा होता."

"मग करू की!"

"करायला कॉम्प्युटर चालू पाहिजे. म्हणजे जुना प्रोसेसर परत घालायचा, प्रोग्राम बदलायचा, मग नवा बसवायचा. जुना कुठाय?"

आत्याने कपाळावर हात मारला. तिच्या धंद्यात एक नियम आहे. काढलेला भाग टेबलावर ठेवायचा नाही, नाहीतर चुकून तोच परत आत जातो. तो लगेच मोडीच्या डब्यात टाकायचा. सकाळी हाताने सवयीप्रमाणे तेच केलं होतं.

डबा पालथा केला. झिजलेली चाकं, गंजलेल्या स्प्रिंगा, काटे, आणि त्या ढिगाऱ्यात आमचा प्रोसेसर. त्याच्या पोटाला केसाएवढ्या बारीक शेकडो पिना. आत्याने भिंग लावलं.

"चार वाकल्यात."

आता हा कसला चालतोय, मी म्हटलं. पण आत्याचा चेहरा एकदम खुलला! सकाळपासून परक्या मुलखात चाचपडणारी बाई अचानक आपल्या गल्लीत आली. तिने चिमटा घेतला, श्वास रोखला आणि पहिली पिन सरळ केली. दुसरी. तिसरी. मी तर छताचा पंखासुद्धा बंद केला. चौथी आडवीच झाली होती. "ही मोडली तर संपलं," ती स्वतःशीच पुटपुटली आणि तिला हळूहळू, समजूत काढत उभं केलं.

प्रोसेसर खाचेत अलगद बसला. बटण दाबलं. पडदा उजळला! आम्ही दोघी अशा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या. त्यांना दारातूनच कटवलं.

नवा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर उतरवला आणि बोर्डाला दिला. पडद्यावर सूचना आली, वीज बंद करू नका. त्या पाच मिनिटांत आत्या प्लगच्या पुढ्यात उभी राहिली, जणू कोणी तो उपटायलाच येणार होतं. मग बंद करून जुना काढला, नवा घातला, तो तापू नये म्हणून वर ताजी पेस्ट लावली, त्यावर त्याचा पंखा आवळला. चारला दहा कमी. बटण. पडदा काळा. एक मिनिट गेलं, तरी काळा. मी रडायच्या बेतात होते. आणि अक्षरं उमटली.

तेवढ्यात बेल वाजली.

साहेब बसलेसुद्धा नाहीत. "दाखवा."

आत्याने घड्याळ चालू केलं. लंबक हलला, लगेच दुसऱ्यांदा हलला, दाते दात्यांत बसत गेले, सगळी चाकं एकदम फिरू लागली. साहेब खुर्ची ओढून बसले. काटे चारवर आले. पडद्यावर हातोडा घंटेवर पडला, पण कॉम्प्युटरमधल्या घंटेला आवाज नव्हता. आत्याने बोटाच्या पेराने टेबलावर ठोका दिला. "एक." पुन्हा हातोडा. "दोन." तिसऱ्याला साहेबांचं बोटही टेबलावर पडलं. चौथा ठोका दोघांनी मिळून दिला.

साहेबांनी फोन लावला. "उद्याची क्रेन नको. रद्द करा. नाही, पुढची तारीख नको, रद्दच करा."

आत्याने टेबलावर आणखी एक ठोका दिला.

"बाई, चार झाले की," साहेब म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. "हा माझा."