भाकरीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

माझ्याच शाळेत शिकवणारी शमीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात अपूर्णांक शिकवत होते. तिचे यजमान युसूफभाई एवढंच म्हणू शकले, "मेधाताई, खलास झालं सगळं…" मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलांना माझा चेहरा दिसू नये म्हणून. आदल्याच आठवड्यात सलमानिया हॉस्पिटलात तिला भेटून आले होते. नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला, आणि बाईंनी विचारलं काय, तर "अगो, गॅदरिंगच्या चिठ्ठ्या काढल्यास?" मी म्हटलं, "तू बरी होऊन ये, मग काढू." "मी नाय आले तरी काढ," ती म्हणाली. मी मान हलवली. अशी मान आपण कुणालाही हलवून दाखवतो.

या चिठ्ठ्यांचं प्रकरण सांगायला हवं. बहारीनमधल्या आमच्या भारतीय शाळेत पाहुणे आले की दारात चार मुली गुलाब घेऊन उभ्या राहतात. कुणी उभं राहायचं याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. गोऱ्या मुली पुढे. आमच्या कोकणस्थांच्या घाऱ्या पोरींची तर जागा ठरलेलीच. माझी ईरा पहिलीपासून त्या रांगेत. सावळी मल्याळी मुलं मागे, आणि हिबासारखी तर अगदी भिंतीला. हिबाचे वडील महाडचे, विमानतळावर नोकरीला, आई इथिओपियाची. लेकीने आईचा रंग घेतला, आईचे कुरळे केस घेतले. वर्गात मुलं तिला काय काय म्हणत ते इथे लिहवत नाही.

एका मीटिंगमध्ये सुपरवायझर बाई नेहमीसारखं म्हणाल्या, "दिसायला बऱ्या मुली पुढे घ्या, बाकीच्या मागे टाळ्यांना." आपा उठलीच. राजापूरची बाई, स्वतः चांगली काळीसावळी, आवाज खणखणीत. "टाळ्यांना काळे हात चालतात, मग फुलाला का नाय चालत?" मी टेबलाखालून तिची ओढणी ओढली. "जाऊ दे ना आपा, एवढ्याशा गोष्टीवरून काय ताणायचं!" ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझी पोर पुढे असते ना, म्हणून तुला एवढीशी वाटते." मला असा राग आला म्हणता! कितीतरी दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

ती मात्र कामाला लागली. मधल्या सुट्टीत तांदळाची भाकरी खायची, तोच स्टीलचा डबा पुसून त्यात आम्ही दोघी शिकवायचो त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी टाकायची आणि मुलांकडूनच उचलून घ्यायची. एकदा निघालेलं नाव, सगळ्यांची पाळी झाल्याशिवाय पुन्हा डब्यात जात नसे. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "पाहुण्यांना कसं वाटेल?" आपा म्हणाली, "गुलाब मिळाल्यासारखं वाटेल!" हळूहळू मॉनिटर, प्रार्थना, स्टेजवरचं भाषण, सगळंच डब्यातून निघायला लागलं. हिबाचं नाव पहिल्यांदा निघालं तेव्हा तिने चिठ्ठी नाकाला लावली. "मॅम, इसमें से भाकरी की खुशबू आती है!" त्या दिवशी ती गुलाब घेऊन अशी ताठ उभी होती, की पाहुण्यांनीच थोडं वाकून तो घेतला.

आणि मग आपाची शोकसभा… शाळेच्या हॉलमध्ये तिचा मोठा फोटो, पुढे समई. सुपरवायझर बाई घाईघाईत माझ्याकडे आल्या. "मेधा, फोटोला फुलं वाहायला तुझ्या वर्गातल्या चार मुली दे पटकन. शाळेच्या पेजवर फोटो जायचाय." मी वळले आणि बोट दाखवत गेले. तू, तू, तू, आणि ईरा, तू. एक क्षणही विचार केला नाही, आणि लाज त्याचीच वाटते. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. माझं बोटच तिकडे गेलं, सवयीने, जसं घरचं कुलूप अंधारातही उघडता येतं तसं. चौघी गोऱ्यापान पोरी आपाच्या फोटोपुढे वाकल्या. कॅमेरा चमकला. तेव्हा कुठे मला मागे उभी असलेली हिबा दिसली. तिने घरून मशमूमची जुडी आणली होती, इथली ती तुळशीसारख्या वासाची पानं. आपाला फार आवडायची. माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "मॅम, आज डब्बा नहीं निकाला?" घरी ईरा म्हणाली, "आई, इट वॉज ओन्ली फॉर द फोटो." मी तिला ओरडले. ओरडायला हवं होतं ते कुणाला, हे त्या पोरीलाही कळत होतं.

पुढे मुहर्रकला युसूफभाईंच्या घरी त्यांना भेटायला गेले. निघताना त्यांनी आतून तो डबा आणला. "ती बोलून गेली होती, हा मेधाला द्या. ती काढील चिठ्ठ्या." डबा हातात घेतला आणि मला तिथेच रडू फुटलं. त्यांना वाटलं, मैत्रिणीच्या आठवणीने रडते आहे. त्यांनी पाणी आणून दिलं, ते मी प्यायले, आणि खरं काही सांगितलं नाही.

परवा गॅदरिंगच्या पाहुण्यांसाठी मी वर्गात डबा टेबलावर ठेवला. मुलं खूष झाली, नावं सांगायला धावली. हिबा शेवटी आली. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी अदबीने म्हणाली, "मॅम, मेरा नाम मत डालिए." मी विचारलं, "का गं?" तर म्हणाली, "आपामॅम होती तो वो डालती." आणि जागेवर जाऊन वही उघडून बसली.

तिच्या नावाची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. ती माझ्या पर्समध्ये आहे, कारण तिने हो म्हटल्याशिवाय ती टाकायचा हक्क मी गमावला आहे. डबा रोज शाळेत नेते. चपाती खाते, पुसते, टेबलावर उघडा ठेवते… हिबा येता-जाता त्याच्याकडे बघते आणि पुढे जाते.