ओलिवच्या नवऱ्याची बंडी

११ सप्टेंबर १७६६, पोर-लुई, फ्रान्सचा किनारा. वारा नैऋत्येचा, आभाळ भरलेलं. सकाळी चीनहून परतलेलं जहाज खाडीत नांगरलं. ओलिव दिवसभर माझ्या घरात आत-बाहेर करत होती.

ओलिव माझी शेजारीण. बाप बुडाला तेव्हा सात वर्षांची. तेव्हापासून मासळी खारवते आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा यान जहाजांवर पिंपं बांधतो, या खेपेला याच जहाजावर होता. तो त्यातली जेमतेम तीन वर्षं घरी असेल. उरलेली चीनच्या वाटेवर, नाहीतर लढाईत गेली.

जकातीचे लोक पेट्या तपासत असतात तोवर खलाशांना उतरता येत नाही. गोडं पाणी न्यायला तेवढी एक होडी धक्क्याला लागली. तीत एका दाढीवाल्याच्या अंगात तपकिरी बंडी होती, खांद्यावर निळं ठिगळ. बंडी यानची, ठिगळ ओलिवनेच लावलेलं.

जहाजावर माणूस मेला की त्याचे कपडे डोलकाठीपाशी लिलावात काढतात, सोबती विकत घेतात. इथल्या कितीतरी बायकांना निरोप असाच मिळाला आहे. ओलिव तशीच माझ्या दारात आली.

"मावशी, यान गेला."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? बंडी आली ना."

"अगं, त्या माणसाला विचार तरी."

"तुम्ही विचारा. माझी जीभ उचलत नाही."

मी काठी घेऊन पोचेपर्यंत होडी परत गेली होती. ओलिव बसली, उठली, घासलेलं पातेलं पुन्हा घासलं, धक्क्यावर गेली, आली, पुन्हा गेली. शेवटी मीही तिच्याबरोबर तिथेच उभी राहिले.

चारनंतर खलाशी उतरू लागले. सगळ्यांच्या मागून यान आला. अंगात पातळ चिनी सुती सदरा, ओठ निळे पडलेले, खांद्यावर पेटी.

ओलिव जागची हलली नाही. "बंडी कुठंय?"

"विकली. पेटीत विकायच्या चहाला जागा नको? ती लोकर अर्धी पेटी खात होती."

"जिवंतपणी विकलीस?"

"मग काय मेल्यावर विकू?"

तिने त्याच्या पाठीत जोराचा धपाटा घातला, आणि हात तिथेच राहू दिला. तो कुडकुडत होता.

संध्याकाळी आमच्या ह्यांची लोकरीची बंडी यानला दिली. डाव्या खांद्याला कसर लागली होती, तिथे आधी रफू केलं.